पेटीवरचे चित्र

स्वतंत्र भारताच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या (१९५१-५२) मतदारयाद्यांत सुमारे १७ कोटी नावे होती आणि त्यांतील बहुसंख्यांना अक्षरओळख नव्हती. सुकुमार सेन यांच्या निवडणूक आयोगाने प्रत्येक उमेदवारासाठी स्वतंत्र पेटी ठेवून तिच्यावर चित्र लावले. मतपत्रिकेवर खूण करावयाची नव्हती. ती हव्या त्या पेटीत टाकावयाची, एवढेच. बैलजोडी म्हणजे काँग्रेस, वडाचे झाड म्हणजे समाजवादी, दिवा म्हणजे जनसंघ, हत्ती म्हणजे शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन.

सोस्यूरच्या परिभाषेत येथे चिन्हक आणि चिन्हित यांचा संबंध यादृच्छिक आहे. आयोगाचीही अपेक्षा तीच होती. आपल्या साहित्यशास्त्राच्या भाषेत बोलायचे, तर आयोगाला निव्वळ अभिधा हवी होती. व्यंजना नको होती. म्हणूनच गाय, देऊळ, राष्ट्रध्वज, चरखा अशा धार्मिक वा भावनिक अनुबंध असलेल्या वस्तू मान्य चिन्हांतून कटाक्षाने वगळण्यात आल्या. हा विवेक मला मुळातच भाबडा वाटतो. कृषिप्रधान देशात बैलजोडी केवळ बैलजोडी कशी राहील? पोळ्याला ज्यांची शिंगे रंगवून ज्यांना पुरणपोळीचा घास भरवतात, ते बैल निर्धोक ठरले आणि गाय तेवढी सदोष!

१९६२ च्या निवडणुकीपर्यंत चिन्ह पेटीवरून मतपत्रिकेवर आले. पुढे १९६९ मध्ये काँग्रेस दुभंगली आणि १९७१ च्या निवडणुकीत बैलजोडी कोणत्याच गटाला वापरता आली नाही. इंदिरा गांधींच्या पक्षाला गाय-वासरू मिळाले, संघटना काँग्रेसला चरखा चालवणारी स्त्री. वीस वर्षांपूर्वी वर्ज्य ठरलेल्या दोन वस्तू, किंचित रूप पालटून, अशा परत आल्या. गाय-वासरू हे धार्मिक चिन्ह आहे, हा आक्षेप राजनारायण यांच्या निवडणूक-याचिकेतही होता. अलाहाबाद उच्च न्यायालयाने १२ जून १९७५ रोजी इंदिरा गांधींची निवड अन्य कारणांनी रद्द केली. हा आक्षेप मात्र फेटाळला. कायद्यापुढचा प्रश्न चित्राविषयी होता. वसुबारसेला सवत्स धेनूची पूजा करणारी मतदार स्त्री त्या चित्रात काय पाहते, हा प्रश्न निराळा, आणि तो कोणत्याही निकालपत्रात मावणारा नव्हे.

१९७८ मध्ये पक्ष पुन्हा फुटला. इंदिरा गांधींच्या गटाकडे या वेळी हात आला. त्याला ना जू, ना वासरू. तो दाखवायला भिंत किंवा कागदही लागत नाही, नुसता वर केला की पुरे.