असिस्टमेंट्स

असिस्टमेंट्स : गणिताचा गृहपाठ संगणकावर सोडवून घेणारी विनामूल्य अमेरिकी प्रणाली. विद्यार्थ्याला उत्तराची चूक तत्काळ कळते आणि वर्गाच्या चुकांचा तक्ता शिक्षकाकडे जातो. मॅसॅच्युसेट्समधील वुस्टर पॉलिटेक्निक इन्स्टिट्यूटमध्ये नील व क्रिस्टिना हेफर्नन या दांपत्याने ती उभारली.

कागदी गृहपाठात वही तपासून परत येईपर्यंत मुलाने तीच चूक पुढच्या गणितांतही गिरवलेली असते. येथे उत्तर लिहिताच निकाल दिसतो. कौशल्याच्या सरावात सामान्यतः लागोपाठ तीन उत्तरे बरोबर आली की तो भाग जमला असे धरतात. अडलेल्याला टप्प्याटप्प्याने सूचना मिळतात. शेवटची सूचना उत्तरच सांगते, त्यामुळे डोके न चालवता तिथवर बटण दाबत जाणारी मुलेही असतात.

शिक्षकाला मिळणारा तक्ता हा या प्रणालीचा अधिक मोलाचा भाग. कोणते गणित किती जणांचे चुकले आणि बहुतेकांनी कोणते चुकीचे उत्तर दिले, हे वर्गात जाण्याआधीच त्याला दिसते. समजा, −३ − ५ चे उत्तर निम्म्या वर्गाने −२ लिहिले. तर तो निष्काळजीपणा नसून चिन्हांविषयीचा ठाम गैरसमज आहे, हे जाणकार शिक्षक ओळखतो. मग सगळी गणिते फळ्यावर सोडवत बसण्याऐवजी तेवढ्या एकावरच तास खर्च करता येतो. प्रश्न नेहमीच्या पाठ्यपुस्तकातलेच देता येतात, ही शाळांच्या दृष्टीने मोठीच सोय.

मेन राज्याने २००२ पासून सातवीच्या मुलांना लॅपटॉप दिलेले असल्याने तेथे मोठी चाचणी शक्य झाली. चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निवड करून ४३ शाळांचे दोन गट पाडले. पहिले वर्ष शिक्षकांचा हात बसण्यासाठी ठेवले आणि दुसऱ्या वर्षीच्या सातवीची परीक्षा घेतली. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार प्रणाली वापरणाऱ्या गटाचे गुण सुमारे ०.१८ प्रमाण विचलनाने अधिक होते. आधी मागे असलेल्या मुलांना फायदा जास्त झाला. वापर मात्र आठवड्यातून तीन-चार रात्री, दहा मिनिटांहूनही कमी होता. शिक्षकांना तक्ता वाचण्याचे प्रशिक्षणही दिलेले असल्याने हे श्रेय एकट्या संगणकाला देता येत नाही.

भूमितीची सिद्धता किंवा स्वतःच्या शब्दांतले स्पष्टीकरण यांत बरोबर-चूक असा झटपट निवाडा चालत नाही. अशी उत्तरे शिक्षकालाच वाचावी लागतात.