कार्ल्याच्या चैत्यगृहातील शिल्पभाषा

पुणे-लोणावळा लोहमार्गावरील मळवली स्थानकावर उतरून कार्ल्याच्या लेण्यांकडे जाणाऱ्यांत आपले उपासक-उपासिका पुष्कळ असतात. स्तूपाला वंदन करून, छायाचित्र घेऊन बहुतेक जण परततात. परंतु लेणे हे केवळ पाहण्याचे नव्हे, वाचण्याचेही स्थळ आहे. शिलालेखाला जशी लिपी असते, तशी खडक, उजेड आणि आकृती यांचीही एक भाषा असते. ती आपल्याला अवगत नसेल, तर दुसऱ्याने सांगितलेला अर्थ निमूटपणे स्वीकारावा लागतो.

हे चैत्यगृह इ. स. च्या पहिल्या-दुसऱ्या शतकाच्या सुमाराचे. त्या मूळ कामात तथागतांची मानवाकृती नाही. मग त्यांचे सान्निध्य शिल्पकारांनी कसे सुचविले? सभामंडपाच्या दोन्ही बाजूंस पंधरा-पंधरा स्तंभ असून त्यांच्या शीर्षांवर गुडघे टेकलेले हत्ती व त्यांवर आरूढ युग्मे आहेत. स्तूपामागील सात स्तंभ मात्र साधे, अष्टकोनी. त्यांना तळखडाही नाही आणि शीर्षही नाही. स्तूपाजवळ येताच अलंकार थांबतो. दर्शनी भागातील भव्य कमानीतून येणारा उजेड आपली दृष्टी त्याच स्तूपाकडे नेतो. जे कोरलेले नाही, तेही येथे बोलते.

दर्शनी भिंतीवरील भव्य स्त्री-पुरुष युग्मांना 'दाते दांपत्य' म्हणण्याचा प्रघात आहे. परंतु येथील एका लेखात भदसम नावाच्या भिक्खूने 'मिथुन' दान दिल्याचे नोंदले आहे. भिक्खूचे दान हे त्याचे स्वतःचे दांपत्यचित्र असू शकत नाही. म्हणजे निदान ते युग्म तरी दात्याची प्रतिकृती नव्हे. धम्माच्या दारात सन्मानाने उभा असलेला गृहस्थाश्रम, असा त्याचा अर्थ आम्हांस वाटतो. त्याच दाराशी धेनुकाकटच्या सामी या सुताराचेही नाव कोरलेले आहे. राजांच्या बरोबरीने कारागिराचे नाव दगडावर टिकले, हे विसरता येत नाही.

पुढे काही शतकांनी, महायान काळात, त्याच भिंतीवर बुद्धप्रतिमा कोरल्या गेल्या. येथे तंत्र बदलले. युग्मे सहज डौलात उभी आहेत. बुद्ध मात्र सिंहासनावर समोरासमोर, मध्यभागी, सेवकांहून मोठे. हात धम्मचक्र मुद्रेत. आसनाखाली चक्र आणि हरणे. हरणे दिसताच सारनाथचे मृगदायवन आणि पहिले प्रवचन आठवावे, अशी ही योजना. एका खुणेत संपूर्ण प्रसंग सामावला आहे.

ही भाषा जाणणारे नाहीसे झाले, तेव्हा काय घडले? नाशिकची बौद्ध लेणी आजही 'पांडवलेणी' म्हणून ओळखली जातात. दगड तोच राहिला, अर्थ मात्र हरवला.

याच लोहमार्गावर देहूरोड आहे. रंगूनच्या जागतिक बौद्ध परिषदेहून परतल्यावर 25 डिसेंबर 1954 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तेथे बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. कार्ल्याच्या खडकात लोप पावलेली ओळख त्यामुळे पुन्हा जिवंत झाली. आता ती वाचण्याची जबाबदारी आपली आहे. यापुढे मुलांना लेण्यांवर न्याल, तेव्हा त्यांना हात जोडायला सांगाच. पण त्याआधी विचारा: हे हात काय सांगतात? आसनाखाली काय आहे? आणि अलंकार नेमका कोठे थांबला आहे?