तसवीर कोणाची, नाव कोणाचे?

हजहून परतलेला माणूस पूर्वी जमजम आणि खजुरांबरोबर काबागृहाची एक तसवीरही आणीत असे. जमजम आणि खजूर शेजारीपाजारी वाटून संपत. तसवीर मात्र भिंतीवर चढे आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राही. आपल्यापैकी कित्येकांनी परमुलूख पाहिला तो त्या तसविरीतच. परंतु ही तसवीर पहिल्यांदा कोणी काढली, असा प्रश्न आपल्या समाजात फारसा कोणी विचारीत नाही.

इतिहासाचे उत्तर असे आहे. १८६१ साली मुहम्मद सादिक बे नावाचे इजिप्तच्या लष्करातील अभियंता हिजाजमधील वाटांची मोजणी करण्यासाठी मदिनेला गेले. मोजणीच्या साहित्यासोबत त्यांनी कॅमेराही नेला होता. मदिनेची आज ज्ञात असलेली पहिली छायाचित्रे त्यांचीच. पुढे १८८० मध्ये इजिप्तहून महमल घेऊन निघालेल्या हज काफिल्याचे खजिनदार म्हणून ते मक्केला गेले आणि हरम शरीफची छायाचित्रे त्यांनी घेतली. त्या काळी हे काम सोपे नव्हते. काचेवर रसायनाचा थर चढवायचा, काच ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि वाळण्यापूर्वी अंधारात धुऊन काढायची. हिजाजच्या उन्हात काच वाळायला कितीसा वेळ लागणार? तरीही चित्रे उत्तम उतरली. १८८१ साली व्हेनिसच्या भूगोल प्रदर्शनात त्यांना सुवर्णपदक मिळाले.

त्यानंतर चारच वर्षांनी मक्केत दुसरी गोष्ट घडली. क्रिस्तियान स्नूक हुर्ग्रोन्ये हे डच विद्वान १८८५ च्या फेब्रुवारीत अब्दुल गफ्फार हे मुस्लिम नाव धारण करून मक्केत दाखल झाले. योगायोग असा, की तिथे त्यांची गाठ त्याच नावाच्या एका हकिमाशी पडली. सय्यद अब्दुल गफ्फार हे मक्केतील नामांकित वैद्य. हुर्ग्रोन्ये यांनी त्यांना छायाचित्रण शिकवले. ऑगस्टमध्ये हुर्ग्रोन्ये यांना मक्का सोडावी लागली, कॅमेरा मात्र हकीमसाहेबांकडे राहिला. ते चित्रे काढीत राहिले आणि हॉलंडला पाठवीत राहिले. हरममधील नमाजींच्या सफा, शहरातील घरे, दूरदेशीच्या हाजींचे गट हे सारे त्यांनी टिपले. चित्रावर ते वळणदार अरबी अक्षरांत सही करीत: मक्केचा तबीब सय्यद अब्दुल गफ्फार.

हुर्ग्रोन्ये यांचा मक्केवरील जर्मन ग्रंथ आणि चित्रसंग्रह १८८८-८९ मध्ये प्रसिद्ध झाला. युरोपने मक्का पाहिली. छापताना हकीमसाहेबांच्या सह्या मात्र पुसल्या गेल्या, आणि ती चित्रे कितीतरी वर्षे हुर्ग्रोन्ये यांचीच म्हणून ओळखली गेली. संशोधकांनी मूळ प्रती तपासल्या तेव्हा खरा मालक पुढे आला. हुर्ग्रोन्ये यांची विद्वत्ता आम्ही नाकारीत नाही. पण हेच गृहस्थ पुढे इंडोनेशियात डच सरकारचे सल्लागार झाले आणि आचेच्या मुसलमानांचा लढा मोडण्याची नीती त्यांनी आखून दिली, हेही विसरता येत नाही. हकीमसाहेबांनी काढलेल्या चित्रांत आचेचे हाजीही आहेत. तसवीर निरागस असते. ती कोणाच्या हाती पडते, त्यावर तिचा उपयोग ठरतो.

हिंदुस्थानी मुसलमान या कामात मागे नव्हते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात दिल्लीच्या चांदनी चौकातील एच. ए. मिर्झा अँड सन्स यांनी मक्का-मदिनेची छायाचित्रे काढली आणि आपल्या नावानिशी विकली. आणि जे कॅमेऱ्याने टिपता येत नाही, ते आपल्या कोकणाशी नाते असलेल्या बायकांनी लेखणीने टिपले. जंजिऱ्याच्या नाझली बेगम यांची बहीण अतिया फैजी १९०६ साली शिक्षणासाठी लंडनला गेल्या. तिथली कॉलेजे, मेजवान्या, माणसे यांविषयी त्या बहिणींना उर्दूत लिहून कळवीत. तो मजकूर लाहोरच्या ‘तहजीबे निस्वाँ’ या स्त्रियांच्या पत्रात छापून आला आणि १९२१ मध्ये ‘जमाना-ए-तहसील’ या नावाने पुस्तकरूप झाला. पडद्यातल्या कित्येक वाचकभगिनींनी विलायत पाहिली ती एका मुस्लिम मुलीच्या डोळ्यांनी, आणि त्या मुलीचे नाव पुस्तकावर होते.

आता आपल्या घरांकडे पाहू. रत्नागिरी-रायगडची माणसे जहाजावर गेली, आफ्रिकेत गेली, केपटाऊनला वसली, पुढे कुवेत-दुबईला गेली. त्यांनी फोटो पाठवले: स्टुडिओतल्या रंगीत पडद्यापुढचे, कंपनीच्या गाडीला टेकून काढलेले, एका खोलीत दाटीने राहणाऱ्या सोबत्यांबरोबरचे. वाळवंटातील त्या घामाचा आणि एकटेपणाचा हाच काय तो पुरावा. पण त्या फोटोंच्या मागे काय लिहिले आहे? बहुतेकांच्या मागे काहीच नाही. कोण, कुठे, कोणत्या साली, हे सांगणारी बुजुर्ग मंडळी एकेक करून अल्लाहला प्यारी होत आहेत. आज मोबाईलवर रोज डझनांनी फोटो येतात. त्यांची गतही हीच.

हकीम अब्दुल गफ्फार यांची सही दुसऱ्याने पुसली, आपली तर आपण लिहीतच नाही. मग आमचा इतिहास कोणी लिहिला नाही, अशी तक्रार कोणत्या तोंडाने करावी? घरातली जुनी पेटी उघडा. दादी-नानी, चाचा, मामू यांच्यापुढे ते फोटो ठेवा आणि त्यांना बोलते करा. जे सांगतील ते, माणसाचे नाव, गाव आणि साल यांसह, फोटोमागे पेन्सिलीने लिहून ठेवा. एवढ्या नोंदी झाल्या तरी कोकणी मुसलमानांच्या परदेशगमनाचा इतिहास लिहिणाऱ्याला हात घालायला काहीतरी सापडेल.