उंबरठ्यावरचा शोध : १८९७ आणि २०२०

कोथरूडच्या रहिवाशांपुढे प्लेगचा इतिहास सांगण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. १८९७ साली कोथरूड हे मुठेपलीकडचे एक खेडे होते, आणि घरझडतीचा प्रसंग ओढवला तो शहरातील पेठांवर. परंतु आज येथे राहणाऱ्या पुष्कळ कुटुंबांची मुळे त्याच पेठांत आहेत. आणि २०२० साली कोरोनाची साथ आली तेव्हा तोच जुना प्रश्न निराळ्या वेषात आपल्या दाराशी येऊन उभा राहिला. साथ आटोक्यात आणावयाची तर कोण आजारी आहे आणि तो कोणाकोणाच्या सहवासात आला, हे सरकारला कळावयास हवे. पण ते कळावे कसे, आणि किती? १८९७ साली हे जाणून घेण्यासाठी सरकारने शिपाई धाडले. २०२० साली तेच काम सरकारने आपल्या खिशातील फोनला सांगितले. दोन्ही वेळी लोकांनी काय केले आणि त्यावरून आपण काय घ्यावे, एवढाच आजचा विषय आहे.

प्रथमच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. हे दोन प्रसंग सारखे आहेत असे माझे म्हणणे नाही. १८९७ चे सरकार परके होते. २०२० चे सरकार आपण मते देऊन निवडलेले होते. तेव्हा बंदूकधारी सैनिक घरात शिरत होता; या वेळी कोणी घरात शिरले नाही. हा भेद लहान नव्हे. तरीही दोन प्रसंग शेजारी ठेवून पाहिले म्हणजे एकाच्या उजेडात दुसऱ्याचे अंधारातले कोपरे दिसू लागतात.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. व्हिएगस यांनी प्लेगचे रोगी ओळखले. पुढच्या काही महिन्यांत साथ पुण्यास पोहोचली. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीच्या रोगांचा कायदा झाला. कायदा कसला, अवघी चार कलमे. पण त्या चार कलमांत सरकारास जवळजवळ सर्व अधिकार मिळाले, आज्ञाभंगास दंड संहितेच्या १८८ व्या कलमाखाली शिक्षा ठरली आणि सद्‌हेतूने काम करणाऱ्या अधिकाऱ्यावर फिर्याद चालणार नाही असेही ठरले. पुढे रँडसाहेबाची पुण्याच्या प्लेग कमिटीचा अध्यक्ष म्हणून नेमणूक झाली. १३ मार्चपासून घरझडतीस आरंभ झाला. सुमारे नऊशे गोरे व देशी सैनिक आणि अधिकारी या कामी होते. टोळी घरात शिरे; माजघर, स्वयंपाकघर, देवघर पाहिले जाई; रोगी सापडला तर तो इस्पितळात, त्याच्या सहवासातील माणसे विलग छावणीत, आणि घरातील सामान पुष्कळदा आगीत.

लोकांचा विरोध कशाला होता, हे येथे नीट पाहिले पाहिजे. पुणेकर अडाणी होते, त्यांना रोग्यास वेगळे ठेवण्याचे महत्त्व कळत नव्हते, असे त्या काळचे काही इंग्रज अधिकारी समजत. वस्तुस्थिती तशी नव्हती. टिळकांनी विलगीकरणाला विरोध केला नाही. उलट साथीच्या दिवसांत गाव सोडून जाणाऱ्या पुढाऱ्यांना त्यांनी दोष दिला, आणि पुण्यात हिंदूंसाठी प्लेगचे स्वतंत्र इस्पितळ काढण्यात पुढाकार घेतला. उपाय लोकांना नको होता असे नव्हे. तो ज्या रीतीने घरात शिरत होता ती रीत नको होती. ज्याची भाषा कळत नाही, ज्याला जाब विचारता येत नाही, असा मनुष्य चुलीपाशी येऊन उभा राहतो आणि घरातील बायकामाणसांकडे पाहतो, ही गोष्ट लोकांस असह्य झाली.

या असह्यतेचा शेवट आपणा सर्वांस ठाऊक आहे. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. लेफ्टनंट आयर्स्ट जागीच ठार झाला, रँड ३ जुलै रोजी मरण पावला. चापेकर बंधू फासावर गेले, टिळकांस राजद्रोहाखाली अठरा महिन्यांची शिक्षा झाली. पण मला आज लक्ष वेधावयाचे आहे ते एका कमी गाजलेल्या गोष्टीकडे. गोखले त्या वेळी विलायतेत होते. पुण्याहून गेलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी सैनिकांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याचा आरोप तेथे जाहीर केला. मायदेशी परतल्यावर आरोप सिद्ध करण्यास पुरावा पुढे येईना, आणि त्यांना बिनशर्त माफी मागावी लागली. गोखल्यांना ही माफी फार महाग पडली. ज्या कारभारात तक्रार नोंदविण्यास जागा नसते, तेथे खरेखोटे कधीच निवडता येत नाही; अन्याय झाला असेल तर तो सिद्ध होत नाही, आणि झाला नसेल तरी संशय मरत नाही.

आता या शोधाचे फळ काय झाले ते पाहू. झडती येणार असे कळताच लोक रोग्याला लपवीत. म्हणजे ज्या शोधासाठी एवढा खटाटोप, तो शोधच आंधळा होई. आणि या लपविण्याचे पापही कमी नव्हते. लपविलेल्या रोग्याला औषधपाणी मिळत नसे. दुसरी गोष्ट अशी की, प्लेग पसरतो तो मुख्यतः उंदराच्या अंगावरील पिसवांमुळे, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने कराचीत दाखविले ते १८९८ साली, आणि ते सर्वमान्य व्हावयास आणखी काही वर्षे गेली. म्हणजे पुण्यात शिपाई माणसे शोधीत होते तेव्हा रोग त्यांच्या पायांखालून चालला होता. मार्च १८९८ मध्ये मुंबईत दंगा झाला. त्यानंतर सरकारनेही सक्तीचा हात हळूहळू आवरता घेतला.

१८९७ च्या मार्च महिन्यातच पुण्याजवळ आणखी एक शोध चालू होता. डॉ. यशवंत फुले यांनी प्लेगच्या रोग्यांसाठी शहराबाहेर दवाखाना उघडला होता, आणि सावित्रीबाई रोग्यांना तेथे आणून त्यांची शुश्रूषा करीत होत्या. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवरून वाहून आणले असे सांगतात. त्या सेवेतच त्यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या वारल्या. त्यानंतर तीन दिवसांनी झडतीस सुरुवात झाली. रोगी हुडकून काढणे हेच काम सावित्रीबाईंनी केले आणि हेच शिपायांनी केले. एकीकडे रोग्याला लपवावे असे कोणाला वाटले नाही. दुसरीकडे लपविल्यावाचून राहवले नाही.

आता २०२० कडे येऊ. ९ मार्च रोजी महाराष्ट्रातील पहिले कोरोनाचे रोगी आढळले ते पुण्यातच. त्याच महिन्यात सरकारने अंमल सुरू केला तो कोणत्या कायद्याचा? १८९७ च्याच! परदेशातून आलेल्यांच्या हातावर न पुसणाऱ्या शाईचे शिक्के उमटू लागले. आणि २ एप्रिलला केंद्र सरकारने ‘आरोग्य सेतू’ हे अ‍ॅप लोकांपुढे ठेवले. याची रचना समजावयास सोपी आहे. फोनमधील ब्लूटूथ चालू ठेवला की जवळून जाणारे दोन फोन एकमेकांची नोंद घेतात. शिवाय फोन कोठे कोठे फिरला हेही जीपीएसमुळे टिपले जाते. पुढे त्यांपैकी एकाला रोग झाल्याचे निष्पन्न झाले म्हणजे दुसऱ्याला सूचना मिळते. कल्पना निःसंशय चांगली होती. सुमारे चाळीस दिवसांत दहा कोटी लोकांनी हे अ‍ॅप घेतले.

पण घेतले ते कोणत्या भावनेने? आमच्या आसपास मी जे पाहिले त्यावरून सांगतो. काहींनी कर्तव्य म्हणून घेतले. पुष्कळांनी दाखला म्हणून घेतले. कचेरीत, विमानतळावर, फाटकावर हिरवी खूण दाखविली की सोडतात, म्हणून. फाटकातून आत गेल्यावर बॅटरी संपते या सबबीवर ब्लूटूथ बंद करणारेही त्यांत होते. आणि काहींनी मुळीच घेतले नाही. माझा फोन मी कोठे कोठे नेला याची नोंद कोणापाशी राहणार, किती दिवस राहणार, असे ते विचारीत.

हा प्रश्न रास्त होता. १ मे २०२० च्या आदेशाने सरकारी व खाजगी नोकरांस हे अ‍ॅप सक्तीचे झाले. दिल्लीजवळच्या नोएडात तर अ‍ॅप नसणे हा पोलिसांनी गुन्हा ठरविला, आणि कलम तेच, १८८! माहितीचे रक्षण करणारा वेगळा कायदा त्या वेळी देशात नव्हता. ज्यांच्या अध्यक्षतेखाली अशा कायद्याचा मसुदा तयार झाला होता, त्या न्यायमूर्ती श्रीकृष्णांनीच ही सक्ती बेकायदेशीर असल्याचे मत दिले. त्यानंतर काही गोष्टी सुधारल्या हेही सांगितले पाहिजे. ११ मे रोजी माहिती १८० दिवसांपेक्षा अधिक ठेवू नये असा नियम निघाला, १७ मेच्या आदेशाने सक्ती सौम्य झाली, २६ मे रोजी अ‍ॅपची मूळ संगणकीय लिखावट सर्वांस पाहण्यास खुली केली गेली. परंतु ऑक्टोबरात, हे अ‍ॅप नेमके कोणी व कसे घडविले या साध्या प्रश्नाला सरळ उत्तर मिळत नाही म्हणून केंद्रीय माहिती आयोगाला अधिकाऱ्यांकडून खुलासा मागवावा लागला. जाब कोणाला विचारावयाचा, हा गोखल्यांच्या वेळचा प्रश्न पुन्हा वर आला.

वचन मोडले म्हणजे काय होते याचे उदाहरण सिंगापूरचे आहे. तेथील अ‍ॅपची माहिती केवळ साथीसाठीच वापरू असे सरकारने सांगितले होते. जानेवारी २०२१ मध्ये पोलिसांनाही ती मिळू शकते असे उघड झाले, लोक रागावले, आणि सरकारला घाईने कायदा करून तो वापर मोजक्या गंभीर गुन्ह्यांपुरता मर्यादित करावा लागला. आपल्याकडे संपर्क शोधण्याची सोय पुढे बंद झाली आणि गोळा केलेली माहिती पुसून टाकली, असे सरकारने २०२३ साली संसदेत सांगितले. ही चांगली गोष्ट झाली. पण ती किती जणांच्या कानी गेली?

आता सरकारला सोडून आपल्याकडे वळू. २०२० च्या उन्हाळ्यात आमच्या इमारतीच्या फाटकावर एक वही ठेवलेली होती. येणाऱ्याचे नाव, पत्ता, अंगाचा ताप, आणि शेवटच्या रकान्यात ‘आरोग्य सेतू आहे किंवा नाही’. सुतारदऱ्यातून अनेक वर्षे आमच्याकडे कामास येणाऱ्या बाई त्या वहीपुढे उभ्या राहिल्या. त्यांच्यापाशी साधा फोन होता. साध्या फोनवाल्यांसाठी सरकारने १९२१ हा क्रमांक ठेवलेला होता, पण तो ना पहारेकऱ्याला ठाऊक होता, ना आम्हाला. बाई परत गेल्या. त्याच दिवशी इमारतीतील दोन सद्‌गृहस्थ फोन घरी ठेवून फिरावयास गेले, त्यांना कोणी हटकले नाही. मी हे गॅलरीतून पाहत होतो, आणि मीही खाली उतरलो नाही.

माझ्या मते दोन काळांतील खरा फरक येथे आहे. आपल्या पणजोबांना शिपाई माजघरात आलेला दिसला, म्हणून त्यांना संताप आला. आपल्याला कोणी दिसले नाही, म्हणून संताप आला नाही. एवढेच नव्हे, तर फाटकावरचा शिपाई आपण स्वतःच झालो, आणि झडती घेतली ती आपल्याहून दुबळ्या माणसाची.

आणि या शोधाला तरी काय दिसले? जुलै–ऑगस्ट २०२० मध्ये पुण्यातील शास्त्रीय संस्थांनी व महानगरपालिकेने शहराच्या पाच प्रभागांतील १६६४ लोकांचे रक्त तपासले. त्यांत निम्म्याहून अधिकांना, म्हणजे शेकडा ५१.५ जणांना, रोगाचा संसर्ग होऊन गेल्याची खूण सापडली. हे प्रभाग दाट वस्तीचे व साथीचा जोर अधिक असलेले होते, ही गोष्ट खरी; तरीही नोंदलेल्या रोग्यांच्या मानाने हा आकडा कितीतरी मोठा होता. पुष्कळांस लक्षणेच नव्हती. पुष्कळांनी ताप आला तरी सांगितले नाही. घरावर पत्रे ठोकतील, शेजारी बोलणे टाकतील, रोजगार बुडेल ही भीती. फोनला फोन दिसला. भ्यालेला माणूस दिसला नाही.

तो दिसला असेल तर दाराशी येणाऱ्या माणसाला. सप्टेंबर २०२० मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ या मोहिमेत आशा सेविका व त्यांचे सहकारी घरोघर गेले, ताप आणि रक्तातील प्राणवायू मोजला. त्यांनाही काही दारे बंद मिळाली. पण ओळखीची बाई चार शब्द बोलून उंबरठ्यावर बसते तेव्हा घरातला खोकला लपविणे कठीण जाते आणि सांगणे सोपे होते. या सेविकांना मिळणारे मानधन एवढे तुटपुंजे होते की जून २०२१ मध्ये त्यांना संप करावा लागला. अ‍ॅपचे कौतुक करताना आपण हे विसरतो.

श्रोते हो, पुढची साथ केव्हा येईल हे मी सांगू शकत नाही. पण ती आली की हाच प्रश्न पुन्हा येईल. त्या वेळी ‘सरकारला काहीच कळता कामा नये’ असे म्हणणे बेजबाबदारपणाचे ठरेल, कारण लपविलेल्या रोगाची किंमत शेजारी मोजतो. आणि ‘सरकार मागेल ते निमूटपणे द्यावे’ असे म्हणणे हे पुण्याच्या इतिहासाला शोभणारे नाही. शोध घेणाऱ्याला लोक जेवढे दाखवितात तेवढेच दिसते. म्हणून माहिती कशासाठी, किती दिवस, आणि चुकले तर जाब कोणाला, हे कायद्याने साथीच्या आधीच ठरलेले असले पाहिजे. १८९७ चा कायदा घाईत झाला होता. सव्वाशे वर्षांत आपल्याला पुरेसा वेळ मिळालेला आहे.

राहता राहिली आपल्या फाटकावरची वही. तिला मात्र कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. तो शेवटचा रकाना आपणच आखला होता, आणि पुढच्या वेळी कोणाला परत पाठवावयाचे हेही आपणच ठरविणार आहोत.