मेमरी ब्लॉकचा आकार

लिनक्स चालू असतानाच मेमरी जोडता-काढता येते, पण सुट्या बाइटांनी नव्हे, ब्लॉकने.

एक्स८६-६४ यंत्रावर ब्लॉक किमान १२८ एमबीचा. मेमरी ६४ जीबी किंवा जास्त असली, की कर्नल तो २ जीबीपर्यंत वाढवतो. प्रत्येक ब्लॉकमागे सिसएफएस या कर्नलच्या आभासी फाइलप्रणालीत नोंदी तयार होतात. ब्लॉक लहान ठेवले तर हजारो नोंदींपायी मोठा सर्व्हर सुरू व्हायलाच उशीर होतो. मात्र मोठा ब्लॉक काढणे अवघड: त्यातले मेमरीचे एक पान (पेज) हलेना, तरी अख्खा ब्लॉक अडतो.

ब्लॉकचा आकार सांगणाऱ्या सिसएफएसमधल्या ‘ब्लॉक_साइझ_बाइट्स’ फाइलमधला ८०००००० हा आकडा षोडशमान पद्धतीचा आहे. वाचकांनी तो ८० लाख समजू नये. तो १३,४२,१७,७२८ बाइट, म्हणजे १२८ एमबी.