जपलेल्या नमुन्यांचा इतिहास

१९५७ साली शिवमोग्गा जिल्ह्यातील क्यासनूरच्या अरण्यात माकडे मरून पडू लागली आणि पाठोपाठ आसपासच्या खेड्यांतील माणसांना तीव्र ज्वराने ग्रासले. १९५२ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या विषाणू संशोधन केंद्राचे संशोधक तेथे पोहोचले. मृत माकडे, रुग्णांचे रक्त आणि जंगलातील गोचिडी तपासून त्यांनी एक नवा विषाणू वेगळा केला. कन्नड मुलखात या आजाराला ‘मंगन कायिले’ म्हणतात. कोकणात तो ‘माकडताप’ झाला.

विषाणूचा जनुकसंच वाचण्याची विद्या त्या काळी जगात कोठेही नव्हती. बेल्जियममधील वॉल्टर फियर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी आरएनए विषाणूचा संपूर्ण जनुकसंच प्रथम वाचला तो १९७६ मध्ये. पुण्यातील संशोधकांनी मात्र आपले विषाणू पुढच्या पिढ्यांसाठी जपून ठेवले. १९७८ मध्ये ही संस्था ‘राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था’ झाली.

याच संस्थेत डॉ. प्रज्ञा यादव यांची कारकीर्द बहरली. २०११ मध्ये गुजरातमधील साणंद येथे क्रायमियन-काँगो रक्तस्रावी ज्वर भारतात प्रथमच आढळला, त्या संशोधनात त्यांचा सहभाग होता. पुढे केरळातील निपाह आला. २०२० च्या आरंभी केरळातील रुग्णांपासून मिळालेल्या भारतातील पहिल्या दोन करोना विषाणूंचे संपूर्ण जनुकीय क्रमनिर्धारणही त्यांनी व सहकाऱ्यांनी केले.

तरी आपल्या प्रदेशाच्या दृष्टीने त्यांचे माकडतापावरील काम विशेष मोलाचे वाटते. हा आजार २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गातील दोडामार्ग परिसरात पसरला होता. तो आला कोठून? या विषाणूचा जनुकसंच सुमारे ११,००० अक्षरांचा. तो उतरवून घेताना क्वचित एखादे अक्षर बदलते आणि तो बदल पुढील पिढ्यांत उतरतो. अशा बदलांवरून विषाणूंची वंशावळ मांडता येते. डॉ. यादव व सहकाऱ्यांनी १९५७ ते २०१७ या साठ वर्षांतील नमुन्यांचे क्रम ताडून पाहिले आणि २०२० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. गोवा व महाराष्ट्रातील विषाणूंचे मूळ कर्नाटकाकडे जात होते. जुने नमुने नसते, तर ही वंशावळ आरंभावाचून राहिली असती.

ही विद्या बंगळुरूच्याही दाराशी आली. डिसेंबर २०२० मध्ये करोनाच्या जनुकीय निरीक्षणासाठी दहा प्रयोगशाळांचे राष्ट्रीय जाळे उभे राहिले. त्यात पुण्याच्या संस्थांबरोबर येथील निम्हान्स आणि राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रही होते. २ डिसेंबर २०२१ रोजी देशातील पहिले दोन ओमायक्रॉनबाधित जाहीर झाले, ते याच शहरातील.

क्यासनूरच्या रानात रक्ताच्या नळ्यांवर गाव आणि तारीख लिहिणाऱ्यांना त्यांचा पुढे काय उपयोग होईल, हे ठाऊक असणे शक्य नव्हते. त्यांनी नोंद चोख ठेवली. साठ वर्षांनी ती वाचणारे कोणी आले. हीरकमहोत्सवी शाळेच्या हजेरीपटांना आणि जुन्या वह्यांनाही हाच न्याय लागू व्हावा.