ओब्दुलियो व्हारेला : बगलेंतला चेंडू

फुटबॉलच्या खेळांत गोल करणाऱ्याचें नांव सर्वतोमुखीं होतें; मधल्या फळींत राहून प्रतिपक्षाचा हल्ला अडविणाऱ्याचें आणि आपल्या हल्ल्यास आरंभ करून देणाऱ्याचें नांव सहसा कोणी घेत नाहीं. या नियमास जे थोडे अपवाद, त्यांत दक्षिण अमेरिकेंतील उरुग्वे या चिमुकल्या देशाचा ओब्दुलियो व्हारेला हा एक होय.

त्याचा जन्म १९१७ सालीं माँटेव्हिडिओ येथें झाला. घरीं दारिद्र्य, लहानपणीं रस्त्यावर वर्तमानपत्रें विकावीं, हीच त्याची शाळा. अंगीं आफ्रिकी रक्ताचा अंश होता, म्हणून पुढें लोक त्यास ‘काळा नायक’ म्हणूं लागले. १९४३ सालीं तो पेन्यारोल या विख्यात क्लबांत आला. १९४८ सालीं तेथील धंदेवाईक खेळाडूंनीं आपल्या संघटनेस मान्यता मिळावी म्हणून संप पुकारला. तो कित्येक महिने चालला, आणि त्याच्या पुढाऱ्यांत व्हारेला होता. मालकांपुढें न वांकणारा हा मनुष्य पुढें दोन लाख प्रेक्षकांपुढें वांकला नाहीं, यांत नवल तें काय?

तो प्रसंग १६ जुलै १९५० चा. रिओच्या नव्या मैदानावर जगज्जेतेपदाचा निर्णायक सामना. (याच स्पर्धेस आपल्या भारताचा संघ जाणार होता, परंतु गेला नाहीं, ही हळहळ अनेकांस आहे.) ब्राझीलनें स्वीडनवर सात व स्पेनवर सहा गोल चढविले होते, त्यास आतां बरोबरी पुरेशी होती. विजयाचीं भाषणें तयार होतीं. एका पत्रानें तर ब्राझीलच्या संघाचें चित्र ‘हेच जगज्जेते’ म्हणून आधींच छापलें. व्हारेलानें त्या अंकाच्या प्रती आणून सोबत्यांकडून त्यांची जी संभावना करविली असें सांगतात, ती या ठिकाणीं वर्णन करणें शिष्टाचारास धरून होणार नाहीं!

मध्यंतरानंतर दुसऱ्याच मिनिटास फ्रियासानें ब्राझीलचा गोल केला. मैदान दुमदुमून गेलें. अशा वेळीं हरणारा संघ घाईघाईनें चेंडू मध्यावर नेतो आणि त्या गर्जनेंतच दुसरा गोल खातो. व्हारेलानें तसें केलें नाहीं. चेंडू बगलेंत धरून तो सावकाश पंचांकडे चालत गेला, आणि ‘ऑफसाइड’ झाला म्हणून वाद घालूं लागला. पंच जॉर्ज रीडर हे इंग्रज, पेशानें शिक्षक. यास इंग्रजी येत नाहीं, त्यांस स्पॅनिश कळत नाहीं. तेव्हां यानें दुभाषा मागितला. गोल रद्द होणार नाहीं, हें तो पूर्णपणें जाणून होता. त्यास हवा होता तो वेळ. वर्गांत गलका माजला असतां मास्तर कांहीं न बोलतां फळ्यापाशीं उभा राहतो, तेव्हां गलका आपोआप ओसरतो. तद्वत् ती गर्जना विरली. मग त्यानें चेंडू मध्यावर ठेवला.

६६ व्या मिनिटास स्कियाफिनोनें बरोबरी केली, ७९ व्या मिनिटास घिजियानें दुसरा गोल केला. मैदान एवढें स्तब्ध झालें, कीं चषक देण्यास आलेले ज्यूल रिमे यांचा समारंभ राहूनच गेला. त्यांनीं गर्दींत कसाबसा तो चषक व्हारेलाच्या हातांत दिला.

१९५४ च्या स्पर्धेंत इंग्लंडविरुद्ध त्यानें गोल केला, पण तेथेंच तो जायबंदी झाला. हंगेरीविरुद्धच्या पुढील सामन्यास तो मुकला, आणि उरुग्वे हरलें. क्लबानें सदऱ्यांवर व्यापाऱ्याची जाहिरात लावली, तेव्हां इतरांनीं ती निमूटपणें मिरविली. हा एकटा जुन्याच सदऱ्यांत मैदानावर उतरला. २ ऑगस्ट १९९६ रोजीं तो निवर्तला.

मला मात्र त्याच्या चरित्रांत त्या सामन्याची रात्र सर्वांत मोलाची वाटते. सोबती मुक्कामीं आनंदोत्सव करीत असतां हा रिओच्या मद्यगृहांत गेला. भोंवतीं लोक रडत होते. त्यांनीं यास ओळखलें. पण अंगावर कोणी धांवून आलें नाहीं, उलट त्यांनीं यास आपल्यांत बसवून घेतलें. ज्यांचें काळीज आपण दुपारीं विदीर्ण केलें, त्यांच्याच शेजारीं बसून तो पहांटेपर्यंत पीत राहिला.